तिसरी वायर आणि सासूबाईंचं धोपटणं

माझ्या सासूबाईंनी मला आयुष्यात एकदाच मारलं. कपडे बडवायच्या लाकडी धोपटण्यानं, पाटावर उभं राहून, माझ्या शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिकांसमोर. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी आधी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि मग माझ्या नवऱ्याकडे संशयानं. (नवरा त्या दिवशी ऑफिसच्या कामाला भोपाळला गेला होता. आमच्या घरात काहीही घडतं तेव्हा तो भोपाळलाच असतो!) म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

माझे सासरे, म्हणजे आप्पा, इंदूरच्या एका कापड मिलमध्ये एकतीस वर्षं वायरमन होते. मिल बंद पडली तेव्हा आठवण म्हणून कुणी मागाचा धोटा घरी आणला, कुणी शेवटच्या ताग्याचा तुकडा. आप्पांनी पत्र्याची एक लाल पाटी आणली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘लाइन पर आदमी है, स्विच मत लगाना.’ आणि त्या पाटीच्या मागोमाग अख्खी मिल सुदामा नगरच्या आमच्या तीन खोल्यांत राहायला आली.

साधा बल्ब बदलायचा असला तरी आप्पा आधी मेन स्विच पाडायचे, त्यावर पाटी लटकवायचे, मग चिनी मातीचा तो फ्यूज उपटून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घालायचे. मिलचा कायदाच तसा होता. काम करणाऱ्याच्याच खिशात फ्यूज. म्हणजे दुसऱ्या कुणी शहाण्यानं मध्येच लाइन चालू करायचा प्रश्नच नाही. एकदा पंख्याचं काम अर्धवट टाकून ते कसलासा स्क्रू आणायला राजवाड्याकडे गेले आणि तिथे जुना दोस्त भेटला. जून महिना, भर दुपार, पंखा बंद, आणि फ्यूज सराफ्यात मित्राबरोबर शिकंजी पितोय!

दुसरा कायदा उलट्या हाताचा. घरातल्या कुठल्याही विजेच्या वस्तूला हात लावायचा तो आधी बोटांच्या मागच्या बाजूनं. आप्पांचं म्हणणं असं, की सुलट्या हातानं धरलं आणि करंट असला, तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. उलटा हात लावला तर झटक्यानं हात मागे येतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फ्रिज उघडण्याआधी त्याला असा उलट्या बोटांनी स्पर्श करायच्या. माझ्या माहेरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना वाटलं, या घरात फ्रिज सोवळ्यात असतो.

आणि तिसरा कायदा म्हणजे दसऱ्याची तालीम! खंडेनवमीला पकड, पेचकस, टेस्टर यांची पूजा झाली की आप्पा फ्रिजला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहायचे आणि थरथर कापायला लागायचे. हे ‘चिकटणं’. मग आईंनी धावत जाऊन खटका बंद करायचा. खटका सापडला नाही तर कोरडा पाट पायाखाली घ्यायचा, कोरडं लाकूड हातात घ्यायचं आणि आप्पांचा हात मारून सोडवायचा. त्यांना शिवायचं मात्र नाही. आई लाजत लाजत लाटण्यानं टुक् करून मारायच्या.

“जोरात!” थरथरता थरथरता आप्पा ओरडायचे. “भिऊन हळू मारशील तर दोघंही जाऊ!”

“अहो, सणासुदीला नवऱ्याला कसं मारू?”

“तो नवरा नाही, चिकटलेला माणूस आहे!”

मी दारात उभी राहून हसायचे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. कारण मी कोण? एम.एस्सी. फिजिक्स, प्रथम वर्ग! पलासियाजवळच्या मुलींच्या शाळेत आठ वर्षं मी ‘विद्युतधारा’ हा धडा शिकवत होते. चौथी पास सासूबाई आणि मिलचे वायरमन यांनी मला वीज शिकवायची म्हणजे काय!

तर असं आमचं चाललेलं असताना घरात वॉशिंग मशीन आलं. तो काळच तसा होता. एकीकडे मिलचे भोंगे एकेक करून गप्प होत होते आणि दुसरीकडे पलासियाच्या दुकानांच्या काचांमागे रोज काहीतरी नवं चकचकीत येऊन बसत होतं. आमच्या गल्लीत पहिलं मशीन आमचं. मी त्याच दिवशी शाळेत जाहीर करून टाकलं आणि केळकर मॅडम (संस्कृत) आणि पुरोहित मॅडम (चित्रकला) यांना रविवारी सकाळी चहाला आणि मशीन बघायला बोलावलं.

आप्पांनी मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून वायर पाहिली आणि म्हणाले, “आठ दिवस लागतील.”

“आप्पा, नुसता प्लग लावायचाय!”

“कुठे लावशील? मोरीत थ्री पिन नाही. अर्थिंग नाही. लोखंडाचं अंग, ओली जमीन, उघडे पाय. सूनबाई, हे फटाफटवालं काम नाहीये. अंगणात खड्डा खोदायचा, कोळसा घालायचा, मीठ घालायचं, पाइप गाडायचा. मग त्याला रोज पाणी पाजायचं.”

“पाणी पाजायचं? पाइपला?”

“जमीन ओली राहिली पाहिजे ना. सुकली तर करंट जमिनीत उतरणार कसा?”

दुसऱ्या दिवशी खरोखरच खड्डा खोदला गेला आणि त्यातून पाइपाचं तोंड वर आलं. आई पोथी वाचून झाली की तांब्याभर पाणी त्यात ओतायच्या. शेजारच्या चौरसिया भाभींनी हे भिंतीवरून दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पाइपला हळद-कुंकू लावून गेल्या. कसलं व्रत आहे, हे विचारलंदेखील नाही त्या बाईंनी!

माझा मात्र धीर सुटला. शुक्रवारी जेवताना मी म्हटलं, “आप्पा, शर्त लावू या. मशीन काही न होता चाललं, तर ती पाटी उतरवायची. उलटा हात बंद, तालीम बंद, खिशातला फ्यूज बंद. हे घर आहे, मिल नाही.”

आप्पांचा घास हातात राहिला. ते शांतपणे म्हणाले, “एकतीस वर्षं, सूनबाई. माझ्या लाइनवर एक माणूस चिकटला नाही. मिलनं त्याचा कागद दिला नाही, पण ते आहे. माझ्याकडे तेवढंच आहे.” मग म्हणाले, “आणि तू हरलीस तर?”

“तुम्ही म्हणाल ते करीन.”

“ठीक. पण मी लाइन दिल्याशिवाय चालवायचं नाही.”

मी मान हलवली. (मान हलवणं म्हणजे होकार, असा आप्पांचा समज होता.)

रविवारी सकाळी आप्पा नेहमीप्रमाणे सायकलवर मिलच्या फाटकाशी गेले. मिल बंद होती, तरी दर रविवारी त्यांच्या खात्यातली माणसं फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली जमायची, चहा प्यायची आणि कुलपाकडे बघत बसायची. मोरीचं काम अर्धवट, म्हणून मोरीचा फ्यूज अर्थातच आप्पांबरोबर फाटकाशी गेला. आणि पाहुण्या यायला तासभर राहिला होता.

मी विचार केला, मोरीत वीज नाही, पण बैठकीच्या खोलीत तर आहे! तिथे रेडिओचा टू पिन होता. मी एक लांब वायर घेतली, खिडकीतून मोरीत आणली. मशीनच्या वायरीला मोठा थ्री पिन प्लग होता, तो कापला. आत तीन तारा निघाल्या. लाल, काळी आणि हिरवी. आठ वर्षं मी मुलींना सांगत आले होते की सर्किट पूर्ण व्हायला दोन तारा लागतात. एक जायची, एक यायची. मग ही तिसरी कशाला? मी लाल आणि काळी नव्या वायरीला पिळून जोडल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि हिरवी तार कात्रीनं मुळापासून छाटून टाकली. कापड कापताना लोंबणारा धागा छाटावा तशी! वर आईंना म्हटलंसुद्धा, “बघा, पाच मिनिटांचं काम.”

मशीनमुळे आता बेकार होणारं धोपटणं खिळ्याला टांगलेलं होतं, त्याच्याकडे आईंनी एकदा पाहिलं.

अकरा वाजता पाहुण्या आल्या. मशीन सुरू झालं. पाणी घुसळलं, कपडे गरगरले, पुरोहित मॅडम “वाह!” म्हणाल्या, केळकर मॅडमनी एक सुभाषित म्हटलं. मी विजयानं आईंकडे पाहिलं. मग मी कपडे पिळायच्या टबात टाकले आणि दुसरं बटण फिरवलं. इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. पिळताना मशीन नाचतं! आमचं नुसतं नाचलं नाही, ते चालायला लागलं. धडधडत मोरीच्या मधोमध आलं आणि आपला लोखंडी पाय माझ्या त्या सुंदर जोडणीवर ठेवून, चिकटपट्टी फाडून उभं राहिलं.

“अगं, बंद कर, बंद कर,” म्हणत आई पुढे झाल्या आणि सवयीप्रमाणे त्यांनी मशीनला आधी उलटी बोटं लावली. हात झटक्यात मागे आला. आईंचा चेहरा बदलला.

“मशीनच्या अंगात करंट आलाय. कुणी हात लावू नका.”

केळकर मॅडम कौतुकानं मशीनवर हात ठेवायच्या बेतात होत्या. त्यांचा हात हवेतच राहिला. आणि मी? मला वाटलं, झालं! दोन शिक्षिकांसमोर सासूबाई मला फिजिक्स शिकवताहेत!

“आई, काहीतरीच काय! असं होऊच शकत नाही. सर्किट पूर्ण असल्यावर करंट बाहेर कशाला येईल? हे बघा,” असं म्हणून मी, एम.एस्सी., प्रथम वर्ग, ओल्या फरशीवर, अनवाणी, मशीनच्या कडेवर सुलटा हात ठेवला.

पुस्तकात करंट म्हणजे एक लहानसा बाण असतो. आठ वर्षं मी तो फळ्यावर काढत होते. कधी डावीकडून उजवीकडे, कधी उजवीकडून डावीकडे, खडूला येईल तसा. त्या दिवशी तो मला प्रत्यक्ष भेटला. माझी मूठ आपोआप आवळली. मला ती उघडायची होती आणि माझा हात माझं ऐकत नव्हता! ओरडायचं होतं, तोंडातून आवाज फुटेना. खांद्यापर्यंत कुणीतरी आतून दळत होतं. मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं, आणि एकच गोष्ट कळत होती, की आपण मरतोय, आणि तेही पाहुण्यांसमोर.

पुरोहित मॅडम मला ओढायला धावल्या. “तिला शिवू नका!” आई गरजल्या. तो आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. “केळकरबाई, बाहेरच्या खोलीतला खटका! पळा!”

केळकर मॅडम पळाल्या आणि त्यांनी जीव खाऊन खटका बंद केला. पंख्याचा.

आईंनी वाट पाहिली नाही. भिंतीला टेकवलेला पाट पायानं पाडला, त्यावर चढल्या, खिळ्यावरचं धोपटणं दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्या मनगटावर असं हाणलं की बस! पहिल्या फटक्याला मी हलले. दुसऱ्याला सुटले आणि कपड्यांच्या बादलीत जाऊन बसले. चार फूट दहा इंचांची ती बाई पाटावर उभी होती. पदर खोचलेला, हातात धोपटणं उगारलेलं. आयुष्यात मला कुणी इतकं उंच दिसलं नाही.

नेमक्या याच क्षणी चौरसिया भाभी पापड वाळत घालायला गच्चीवर आल्या. त्यांना काय दिसलं? सासू पाटावर चढून सुनेला लाकडानं बडवतेय आणि दोन पाहुण्या किंचाळताहेत!

“अरे दौड़ो रे! अम्माजी ने बहू को मोगरी से मार डाला!”

पाच मिनिटांत सगळी गल्ली आमच्या अंगणात. तोवर आईंनी बैठकीतला टू पिन स्वतः उपटून कमरेला खोचला होता आणि त्या मोरीच्या दारात धोपटणं घेऊन उभ्या होत्या. कुणालाही आत सोडत नव्हत्या.

“बहनजी, पहले लकड़ी नीचे रखो,” कुणीतरी लांबूनच समजावलं.

“नी रखूंगी! ये आएंगे, देखेंगे, तब रखूंगी. उसके पहले कोई अंदर पाँव नी धरेगा!”

लोकांनी यातून काय समजायचं ते समजून घेतलं. मी बादलीतून सांगायचा प्रयत्न केला, “मारा नहीं, बचाया,” पण दातखीळ बसल्यासारखी झाल्यामुळे फक्त “मारा... मारा...” एवढंच बाहेर पडलं! भाभींच्या यजमानांनी, चौरसिया भियांनी, स्कूटरला किक मारली आणि थेट मिलचं फाटक गाठलं.

तिथे काय झालं ते मला नंतर आप्पांचे दोस्त रामप्रसादजी यांनी सांगितलं. चौरसिया भिया धापा टाकत पोचले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आप्पाजी, जल्दी घर चलो! माताजी ने बहू को लकड़ी से पीट दिया!”

आप्पांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “पाटे पे खड़ी हो के मारा क्या?”

चौरसिया भिया गोंधळले. “हाँ... घरवाली तो यही बोल रही थी.”

“बहू बोल रही है?”

“बोल तो रही है.”

आप्पांनी डोळे मिटले आणि नुसतं म्हणाले, “बच गई.” मग सायकलवर चढायला गेले, तर त्यांचा पाय पायडलवर टिकेना. रामप्रसादजींनी त्यांना आपल्या सायकलवर डबलसीट घेतलं. मागून आणखी आठ-दहा जण.

आप्पा घरात शिरले तेव्हा डॉक्टर मला तपासून गेले होते. तळहातावर भाजल्याचा डाग, मनगट सुजलेलं, बाकी ठीक. आप्पांनी आधी आईंना विचारलं.

“पाट कोरडा होता?”

“कोरडा.”

“कुठे मारलंस?”

“मनगटावर. दोनदा.”

“जोरात?”

“विचारा तिला,” आई म्हणाल्या आणि मग एकदम खाली बसून रडायला लागल्या.

आप्पा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता शर्तीचा विषय निघणार. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. डागावर हलकेच फुंकर घातली. “एकतीस वर्षांत पहिली केस,” ते पुटपुटले. “आणि तीही घरची.” मी मान खाली घातली. त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि तेही मी कात्रीनं छाटून टाकलं होतं.

मग रामप्रसादजी म्हणाले, “भिया, औजार कहाँ हैं?” आणि त्या दुपारी मी जे पाहिलं ते अजून विसरले नाही. दहा माणसं, सगळी नोकरी गेलेली, कुणी भाजी विकणारं, कुणी रिक्षा चालवणारं. पण काम सुरू झालं आणि एकाही माणसाला काही सांगावं लागलं नाही. एकानं खड्ड्यात मीठ-कोळशाचे थर दिले, एकानं भिंतीवरून तार ओढली, एकानं थ्री पिन बसवला आणि मी छाटलेल्या हिरव्या तारेची वाट थेट त्या पाइपपर्यंत जोडून दिली. तारेला हात लावण्याआधी आप्पा विचारायचे, “बंद?” मेनजवळचा माणूस खात्री करून ओरडायचा, “बंद!” आणि मग प्रत्येक जण आपापल्या जागेवरून तो शब्द परत म्हणायचा. “बंद.” “बंद.” “बंद.” दहावा आवाज आल्याशिवाय कुणाचा हात पुढे जात नव्हता. अख्खी गल्ली तोंडात बोट घालून बघत होती. चौरसिया भाभींनी तर पाइपला नारळच फोडला. मला वाटलं, त्या कुलपामागे मशीनं नाही, ही माणसं बंद करून ठेवली होती, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

आठ दिवस गेले. मशीन मोरीत गुपचूप चालत होतं. आप्पा शर्तीबद्दल चकार शब्द काढेनात. शेवटी मीच म्हटलं, “आप्पा, मी हरले. काय करायचं ते सांगा.”

त्यांनी माझं शाळेचं पुस्तक उचललं, दोन पानं उलटली. मग म्हणाले, “मला शिकव.”

“मी? तुम्हाला?”

“तुझं पुस्तक. मिलमध्ये आम्हाला एवढंच सांगितलं, असं कर, तसं करू नको. का, ते कुणी सांगितलं नाही. मला ते ‘का’ पाहिजे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, आणि माझ्यापुढे वही घेऊन बसतोय! मी ठरवलं, जीव ओतून शिकवायचं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी वर्ग भरला. शेजारी आई मेथी निवडत बसल्या. आप्पांनी वहीवर श्री लिहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ती तिसरी हिरवी वायर नेमकी काय करते?”

मी सुरुवात केली. विभवांतर सांगितलं. रोध सांगितला, समांतर जोडणी सांगितली, शून्य विभवाची संकल्पना स्पष्ट केली. दोन आकृत्या काढल्या, एक सूत्र सिद्ध करून दाखवलं, मध्येच चुकलं म्हणून पुन्हा सिद्ध केलं. चाळीस मिनिटं, शाळेतल्या तासाला पूर्ण! आप्पांची नजर वहीवरून एकदाही हलली नाही. मी खाली ठेवलेला खडू शोधू लागले, मग आठवलं, हातात पेन्सिल आहे.

“कळलं, आप्पा?” मी विचारलं.

“कळलं,” आप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, वही मिटली आणि आईंकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, “आता कळलं, हिनं ती वायर का कापली ते.”